पाळणाघरासाठी आवाहन: दोन मावशी, सुती साड्या आणि तुमचा आवाज

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत द्राक्षांची काढणी सुरू झाली की सुरगाणा, पेठकडून मजूर कुटुंबं आपल्या गावात येतात. आई बागेत आणि बाळ बांधावर झोळीत, हे दृश्य आपण सगळेच पाहतो. अंगणवाडीत मुलं बसतात ती तीन वर्षांपुढची. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळायला कोणी नसतं. म्हणून गेल्या हंगामात वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाळणाघर सुरू केलं.

बाळं सुखरूप राहिली, पोटभर जेवली. तरी एक गोष्ट सलत राहिली. दहा बाळांमागे एकच मावशी होत्या. त्यांच्या मायेत काही उणं नव्हतं, पण हात दोनच. मग नाक मागून येऊन पुसलं जाई. पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी येई. लंगोट बदलताना बाळाच्या चेहऱ्याकडे बघायला उसंत नसे, आणि ते दचकून रडे.

एवढ्याशा बाळाचा जागेपणीचा बराच वेळ न्हाण्यात, खाण्यात, कपडे बदलण्यात जातो. माणसं कशी असतात हे त्याला तिथेच कळतं. बुडापेस्टला डॉ. एमी पिक्लर यांनी १९४६ साली अनाथ बाळांसाठी एक घर सुरू केलं. तिथल्या सांभाळणाऱ्या बायका बाळाला उचलण्याआधी तसं सांगत, हात पुढे करत आणि त्याने अंग सैल सोडेपर्यंत थांबत. आपल्या कितीतरी आज्या पायांवर बाळाला न्हाऊ घालताना हेच करत आल्या आहेत: "आता पाठ हं, आता डोळे मीट बरं." फक्त त्यासाठी घाई नसावी लागते.

म्हणून या वर्षी पहिली मागणी दोन जादा मावशींच्या मानधनाची आहे. एकीचे महिन्याला ६,००० रुपये, जानेवारी ते एप्रिल मिळून दोघींचे ४८,००० रुपये. कोणी एका महिन्याचा भार उचलला तरी मोठा आधार होईल.

दुसरी मागणी पुस्तकांची. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. मोठी ठसठशीत चित्रं त्याला आवडतात. सहा-सात महिन्यांचं बाळ पुस्तक आधी तोंडात घालतं, आणि ते त्याला घालू द्यायला हवं. त्यामुळे जाड पुठ्ठ्याची, पुसता येतील अशी पुस्तकं द्या. शिवणकाम येणाऱ्या ताईंनी कापडी पुस्तकं शिवून दिली तर फार बरं. जुन्या सुती साड्या आणि धोतरं दुपट्यांना, लंगोटांना लागतील. स्वच्छ धुतलेली असावीत. नायलॉन, पॉलिस्टर नको.

तिसरी मागणी वाचणाऱ्यांची, आणि ही आम्हाला सर्वांत जवळची. आठवड्यातून एक तास या. आजोबांनी, काकांनीही या. बाळाला मांडीवर घ्या, दोन पानं वाचा, चित्रातल्या मांजरीचं नाव सांगा आणि थांबा. ते हुंकार देईल, पाय झाडेल. तो त्याचा जबाब. त्याने मान वळवली की पुस्तक मिटा. लिहिता-वाचता येत नसेल तरी चालेल, चित्रं पाहत बोला किंवा ओव्या म्हणा. आपल्यापैकी कोणाला या मजूर कुटुंबांची कोकणा बोली येत असेल तर त्यांची आम्हाला फार गरज आहे. घरी कानावर पडणारी बोली दिवसभर बाळाला परकी होऊ नये. येताना हात धुवा, सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी येऊ नका, आणि बाळांचे फोटो काढू नका.

बागायतदार बंधूंना एक विनंती. कारखान्यातल्या बाईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला जाण्याची मुभा कायद्याने आहे. आपल्या बागेतल्या बाईलाही ती द्या आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. आई येऊन पाजून गेली की बाळ शांत झोपतं, हे गेल्या वर्षी रोज पाहिलं.

देणगीची पावती लगेच मिळेल. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लावू. पाळणाघर ५ जानेवारीला उघडेल. साड्या आणि पुस्तकं त्याआधी चार दिवस मिळाली तर धुऊन, पुसून ठेवता येतील. रोज सायंकाळी ५ ते ७ आम्ही वाचनालयात असतो.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय
आणि गावातील महिला बचत गट