शंभर शेळ्या कुठून आणू, मंत्रीमहोदय?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

पत्र थोडक्यात आणि रीतसर लिहायचं ठरवलं होतं. पण काल दुपारी पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची, लस घेऊन गाडी वाडीत आली आणि माझा धीर सुटला. गाडीतल्या मुलाने विचारलं, "ताई, किती शेळ्या?" मी पाच बोटं दाखवली. भाद्रपदापर्यंत चौदा होत्या. नऊ बांधाच्या कडेला पुरल्या आहेत.

चैत्रात तुमच्या खात्याच्या शिबिरात मंचावरून सांगितलं होतं, पावसाळ्याआधी लस दारात येईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्येष्ठात मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले. उत्तर मिळालं, बाटली शंभर डोसांची असते, एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, तेव्हा शंभर शेळ्या एका जागी जमवा. आमच्या वाडीत घरोघरच्या मिळून त्रेसष्ट. उरलेल्या सदतीस मी कुठून आणायच्या होत्या? लस एकदा टोचली की तीन वर्षं भीती नाही, हे तुमचेच डॉक्टर सांगतात. २०३० पर्यंत हा रोग संपवायचा म्हणतात. माझ्या गोठ्यात तो आधीच संपला, शेळ्यांसकट.

माझी चांदी माहेरून आणलेली, अस्सल संगमनेरी. तिसऱ्या वेताला सकाळी एक लिटर, संध्याकाळी अर्धा. मुलाच्या जुन्या वहीत मी रोजची धार लिहून ठेवते, म्हणून हा आकडा अंदाजाचा नाही. आधी ताप आला, मग नाक-डोळे वाहू लागले, मग तोंड आतून सोलवटून निघालं. शेवरीचा पाला तोंडाशी धरला की हुंगायची आणि मान फिरवायची. मी बोटाने गुळाचं पाणी लावलं तर जिभेवरची कातडी बोटाला चिकटून आली. पाचव्या दिवशी हगवणीतच गेली. गाभण होती. वहीत त्या तारखेपुढे मी रेघ मारली आहे.

विमा होता. पण कानातला बारा आकडी बिल्ला बाभळीच्या काट्यात अडकून तुटलेला, आणि बिल्ला नाही तर भरपाई नाही. मेलेल्या शेळीचे फोटो दाखवले, पंचांच्या सह्या दाखवल्या. कान दाखवा म्हणाले.

आता बोकडाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. तीन वर्षांपूर्वी दहा शेळ्या नि एक बोकड योजनेत माझा नंबर लागला. गटाची किंमत १,०३,५४५ रुपये, निम्मं अनुदान, निम्मे माझे. ते मी बचत गटातून उचलले, हप्ता अजून चालू आहे. बोकड उतरवून घेताना मी एवढंच विचारलं, याची आई किती दूध द्यायची? सगळे हसले. अहो, बोकड म्हणजे निम्मा कळप! त्याची आई दुधाची नसेल तर पोटच्या पाटी, म्हणजे मादी करडं, कुठून दुधाच्या होणार? झालंही तेच. त्याच्या पाटी व्याल्या, पण आयांच्या निम्म्यानेही धार नाही. राहुरीच्या विद्यापीठात संगमनेरीवर वर्षानुवर्षं काम चालतं. तिथलं चांगलं रक्त आमच्या वाडीपर्यंत का पोचत नाही? कागदावर जात "संगमनेरी" लिहिली आणि वजन भरलं की योजना पूर्ण!

कारण तुमच्या लेखी शेळी म्हणजे मटण. गाईच्या दुधाला २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपये, पुढे ७ रुपये अनुदान दिलंत, चांगलं केलंत. आमचं दूध डेअरीवर मापातसुद्धा घेत नाहीत. डेंग्यूची साथ आली की शहरातून मोटरसायकली येतात, मागू तो भाव देतात. त्याने डेंग्यू बरा होतो असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही कुणाला सांगत नाही. साथ ओसरली की तेच दूध घरच्या चहात. राज्यात एक कोटीच्या वर शेळ्या आहेत आणि त्या बहुतेक बायकांच्या, भूमिहीनांच्या दावणीला आहेत. कारखानदारांच्या दावणीला असत्या तर लसीची बाटली शंभराची की पंचविसाची हा प्रश्न एका बैठकीत सुटला असता. निवडणुकीत आम्ही एकेक मोजले जातो, तेव्हा शंभर जमवा असं कुणी म्हणत नाही.

माझं मागणं मोठं नाही. लहान वाड्यांना २५ डोसांची बाटली द्या, आणि ती ज्येष्ठाच्या आत द्या. योजनेतला बोकड देताना त्याच्या आईच्या दुधाची नोंद हातात द्या आणि दोन वर्षांनी बोकड बदलून द्या. बिल्ला तुटला तर दुसरा मारून द्या.

वाचलेल्या पाचांत चांदीची पाट आहे. वर्षाची होत आली, कास आईसारखीच धरते आहे. परवापासून माजावर आहे, रात्रभर ओरडते. वाडीत बोकड एकच, तुमच्या योजनेतला, आणि तो तिचा बाप आहे. माज उद्यापर्यंत उतरेल, पुन्हा तीन आठवड्यांनी येईल. तोवर तिला कोणता बोकड दाखवायचा ते कळवा.

आपली,
एक शेळीपालक
जि. अहिल्यानगर