घरी नेणाऱ्यालाही शिकवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या पत्नीची बायपास होऊन तीन महिने झाले. सातव्या दिवशी तिला घरी सोडलं तेव्हा माझ्या हातात औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख होती. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण तिला पलंगावरून उठवायचं कसं, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

पहिल्याच रात्री मी सवयीने तिचे दोन्ही हात धरून ओढले. ती कळवळली. छातीचं मधलं हाड उभं कापून तारांनी बांधलेलं असतं, ते सांधायला ६ ते ८ आठवडे तरी लागतात आणि तोवर हातांवर जोर येऊ द्यायचा नसतो, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग पाठीला आधार देऊन बसवायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायला द्यायची. शिकायला पाच मिनिटं पुरली. तिचं ते कळवळणं मात्र अजून कानात आहे.

हात वर नेता येईनात म्हणून तिची वेणी मी घालू लागलो. तिसऱ्या आठवड्यात वेणी घालतानाच ती रडू लागली. ‘अहो, मला काहीच नको वाटतं.’ जखम सुकत होती, रक्तदाब ठीक होता. अंगात पाणी साठलं तर लगेच कळावं म्हणून रोज सकाळी वजन करत होतो, तेही स्थिर होतं. मग हे कशामुळे? मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडतंय. चार दिवस मी कुणाला बोललो नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणांना अशी उदासी येते. ती हटली नाही तर उपचार करावे लागतात, लपवू नका. हे आधी माहीत असतं तर ते चार दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून तोंड लपवत बसलो नसतो.

रुग्णालयांना माझी विनंती आहे: घरी सोडण्याआधी अर्धा तास सांभाळणाऱ्यासाठी राखून ठेवा. त्याच्याकडून एकदा रुग्णाला उठवून, बसवून घ्या. ताप, जखमेतून पाणी, हलताना छातीत हाड कटकटणं, वाढती धाप, यांतलं काय दिसलं तर थांबायचं नाही, ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या.

आपला,
एका रुग्णाचा पती