हाव नेमकी कोणाची?

रविवारच्या पुरवणीत किशोरांसाठी सुचवलेल्या पुस्तकांत जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द पर्ल’ (१९४७) या लघुकादंबरीची ओळख ‘लोभी कोळ्याची बोधकथा’ अशी करून दिली आहे. हा त्या कोळ्यावर, म्हणजे कथानायक कीनोवर, अन्याय आहे.

मोती सापडल्यावर कीनो मागतो काय? चर्चमध्ये लग्न, नवे कपडे, एक रायफल आणि मुलाला शाळा. मुरलेली हाव दिसते ती चौथ्या प्रकरणात. बोटांवर नाणे खेळवणारा व्यापारी मोती पाहतो आणि नाणे निसटून त्याच्या मांडीवर पडते. तोंडाने मात्र तो हजार पेसोच सांगतो. मग बोलावलेल्या आणखी तीन व्यापाऱ्यांपैकी एक व्यवहारच नाकारतो, दुसरा मोत्यात खोट काढतो, तिसरा पाचशे म्हणतो. कीनो निघतोय म्हटल्यावर पहिला दीड हजारावर येतो. हे सगळे एकाच मालकाचे हस्तक! कीनोच्या विंचू चावलेल्या बाळाला दारातूनच परत पाठवणारा डॉक्टरही मोत्याची बातमी कळताच आपणहून झोपडीत येतो.

पुढे कीनो बायकोवर हात उचलतो, त्याच्या हातून खून होतो, हे खरेच. पण त्याला तिथवर कोणी ढकलले, हे मुलांना दिसायला हवे.

कादंबरीची प्रकरणे सहाच. शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात चौथे मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक बोलीपाशी थांबून ‘भाव कोण ठरवतो?’ एवढेच विचारावे. कथेच्या शेवटी बाळ गोळी लागून मरते. म्हणून आठवीपेक्षा लहान मुलांच्या हाती पुस्तक देण्याआधी पालकांनी ते स्वतः वाचावे.

– एक वाचक, पुणे