चप्पल फाडणाऱ्याचा 'अपराधी' चेहरा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आमच्या रामबागेत शेजारी लॅब्राडॉर आहे, परवा त्याने चप्पल फाडली आणि काका दोन तासांनी घरी येऊन त्याला बदडत होते, वर म्हणे बघा कसा तोंड पाडून बसलाय, सगळं कळतं त्याला. अहो काय कळतं! २००९ साली कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी अमेरिकेत १४ पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला, त्यात तो बिचारा चेहरा मालक रागावला की दिसायचा, मग कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्लेला असो की नसो. उलट काही न करता बोलणी खाल्लेल्यांचाच जास्त पडायचा.

आमच्या मोतीने सोफ्यावर शू केली तेव्हा आमची ही म्हणाली, सूड घेतोय, आपण लग्नाला गेलो ना म्हणून. निघालं काय तर युरिन इन्फेक्शन. (सोफा गेलाच म्हणा.)

त्याला भावना नाहीत असं कुठे म्हणतोय मी, दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली थरथरतो ती भीती खरीच आहे. पण 'मुद्दाम करतो' हे आपलं डोकं झालं. काका, चपला वर ठेवा, त्याला चघळायला खेळणं द्या आणि ते चघळलं की तिथल्या तिथे शाबासकी, दोन तासांनी नाही.

एक वाचक, इंदूर