वायनरीला सवलत जरूर द्या, पण द्राक्षवाल्याच्या हातात आधी कागद द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नाशिकच्या वाइन पर्यटनावर दोन पानं आली होती, घरात सगळ्यांनी वाचली. फोटो छान होते, कुठे मुक्काम करायचा, संध्याकाळी गंगापूर धरणाचं पाणी कुठून चांगलं दिसतं, ग्लास कसा धरायचा, सगळं होतं. पण त्या ग्लासातलं द्राक्ष ज्याने पिकवलं तो शेतकरी दोन्ही पानांवर कुठे दिसला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी दिंडोरी तालुक्यातला. आमच्याकडे तीन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि दोन एकर वाइनची द्राक्षं आहेत. आधीच सांगतो, मी वायनऱ्यांच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्यांच्या, विरोधात नाही. २००१ ला सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले, त्यामुळेच आमच्यासारख्यांना दुसरा एक रस्ता मिळाला. वाइनच्या बागेला मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्यात बुडवायचं डिपिंग नाही, मणी विरळ करायच्या थिनिंगची मजुरी नाही, पाणीही खायच्या द्राक्षापेक्षा कमी लागतं. एकरी माल कमी निघतो हे खरं, पण भाव आधी ठरलेला असतो, आणि मार्च महिन्यात माल घेऊन व्यापारी पळाला की घरात काय होतं हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको.

पण याची दुसरी बाजू मी घरात बघितली आहे. २००६ ला अण्णांनी दीड एकर शिराझ ही वाइनची जात लावली. कंपनीच्या माणसाने कलमं दिली, भाव तोंडी सांगितला, एका कागदावर सही घेतली पण त्याची कॉपी काही आमच्याकडे आली नाही. पहिली दोन वर्षं व्यवस्थित गेली. मग २००८ च्या शेवटी मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वाइन विकली जाईना आणि सगळ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २०१० च्या फेब्रुवारीत आमची बाग तयार होती. अण्णा रोज सकाळी चार मणी चिरडून रसाचा थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे, २२ आलं, २४ आलं, फोन केला की "या आठवड्यात गाडी पाठवतो" एवढंच उत्तर. २६ च्या पुढे मणी सुरकुतायला लागले, गांधीलमाश्या बसायला लागल्या. शिराझचा मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, खायला कोणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही, म्हणजे एकदा कंपनीने पाठ फिरवली की त्या मालाला बाजारच नाही. शेवटी माल वेलीवरच गेला आणि एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या ऐवजी अण्णांनी करवत घेतली. वेल चढवायचे वाय अँगल आणि तारा पुढे वर्षभर तशाच उभ्या होत्या, त्या बाजूला कोणी जात नव्हतं. त्या वर्षी आमच्यासारख्या कितीतरी बागा निघाल्या.

त्यानंतर हा धंदा सावरला त्यात पर्यटनाचा हात मोठा आहे हे मी मान्य करतो. नाशिकच्या सुला वाइन कंपनीने २००५ ला वाइन चाखायची टेस्टिंग रूम उघडली तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं, आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गंगापूर रोडला रांग असते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीच कंपनी शेअर बाजारात गेली. हिशोब सरळ आहे, दुसऱ्या राज्यात बाटली विकायची तर तिथली वेगळी एक्साइज, वेगळं लेबल रजिस्ट्रेशन, वर डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदाराचं मार्जिन, आणि तीच बाटली वायनरीच्या काउंटरवर विकली तर मधले सगळे पैसे घरात राहतात, वर जेवण आणि खोलीचं भाडं वेगळं. आमच्या गावातली पोरंपोरी तिथे कामाला आहेत, माझी पुतणी रिसेप्शनला आहे, ते बरंच आहे.

बांधकामाबद्दल एकच बोलतो. फेब्रुवारी-मार्चला आमच्याकडे दुपारी ३५ डिग्री असतं आणि पांढरी वाइन १५ डिग्रीच्या आसपास आंबवायची असते, म्हणजे सगळा खेळ थंड ठेवण्याचा. अशा ठिकाणी पश्चिमेकडे भिंतभर काच लावायची आणि मग आत दिवसभर एसी चालवायचा हे मला पटत नाही. आपल्या जुन्या वाड्यांची काळ्या दगडाची दोन-दोन हात जाड भिंत चैत्रातही हाताला गार लागते. काही वायनऱ्यांनी तळघर जमिनीत घेतलंय, सोलर बसवलंय, शेततळी केलीत, त्यांचं कौतुकच आहे.

पाण्याचं मात्र सोडून चालणार नाही. टाक्या, प्रेस, पाइप, फरशी धुतल्याचं जे पाणी निघतं त्यात साखर आणि आम्ल असतं, ते तसंच नाल्यात गेलं की पाण्यातला ऑक्सिजन खातं. आणि हे पाणी बारा महिने सारखं येत नाही, जास्तीत जास्त येतं जानेवारी ते मार्च, नेमकं तेव्हा नाले आटलेले असतात. वर्षाची सरासरी धरून बांधलेला ट्रीटमेंट प्लांट हंगामात पुरणार कसा? दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवाराच्या कडेला कोणीतरी रात्रीतून द्राक्षाच्या चोथ्याच्या ट्रॉल्या ओतून गेलं, आठ दिवस आंबट वास आणि चिलटं, पहिल्या पावसात ते सगळं ओढ्याला गेलं. तोच चोथा शेणात मिसळून कुजवला तर उत्तम खत होतं, मी स्वतः करतो. इथलं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं, आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं म्हणून आपण सगळ्यांनी अभिमानाने सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं. वाइनवर राज्यात २० टक्के व्हॅट आहे आणि त्या २० पैकी १६ टक्के सरकार वायनरीला परत देतं. ही योजना मध्ये थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी मंजूर झाली. परत द्या, माझी ना नाही, तो आधार नसेल तर छोट्या वायनऱ्या टिकणार नाहीत आणि आमच्या बागाही पुन्हा निघतील. पण तो पैसा लोकांचा आहे, तर परताव्याच्या अर्जाला दोन कागद जोडायला लावा. एक, शेतकऱ्याशी मराठीत केलेला करार, त्यात भाव, किती ब्रिक्सला (म्हणजे रसात किती साखर आल्यावर) तोडणी, ठरल्या दिवशी माल उचलला नाही तर भरपाई किती आणि पैसे किती दिवसांत, आणि त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या घरात. दुसरा, हंगामातल्या तीन महिन्यांचा पाण्याचा हिशोब, किती घेतलं, किती साफ करून सोडलं, चोथा कुठे गेला, आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचेल. ज्या वायनऱ्या चांगलं काम करतात त्यांना हे अजिबात जड जाणार नाही.

आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी पर्यटनावर पुरवणी काढाल तेव्हा तुमचा वार्ताहर एक दिवस बागेत पाठवा, पहाटे तोडणीच्या वेळी, मी स्वतः फिरवीन.

यंदा आमची तोडणी झाली, माल गेला, पैसेही वेळेत आले. पुढच्या वर्षीचं सगळं अजून तोंडीच आहे. खरड छाटणी पंधरा दिवसांवर आली आहे आणि अण्णा रोज विचारतात, कागद आला का.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक