बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत

संपादक महोदय,

जगातील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू हृदयविकार, कर्करोग, दीर्घकालीन श्वसनविकार आणि मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांमुळे होतात. तरीही तापाच्या औषधासारखे ‘बरे वाटले की बंद’ हेच धोरण आपण या आजारांतही ठेवतो, हे मला फार घातक वाटते. रक्तदाब १३०/८० वर आलेला पाहून माझ्या वडिलांनी गोळ्या परस्पर थांबवल्या. अर्धी स्ट्रिप उशाशी तशीच पडून राहिली आणि दोन महिन्यांनी पक्षाघाताने त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली. तो आकडा गोळी लागू पडत असल्याची खूण होती, हे त्यांना कोणी नीट समजावले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. उच्च रक्तदाबाचा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा खराब करत राहतो. मधुमेहाचेही तसेच: उपाशीपोटीची तपासणी रक्तातील साखर त्या वेळेपुरतीच सांगते, मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज एचबीएवनसी या रक्ततपासणीतून येतो. औषध किती काळ घ्यायचे आणि ते आपल्या मनाने का थांबवायचे नाही, हे डॉक्टरांनी रुग्णासोबत घरच्या एका माणसालाही सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक