माडाच्या खोडातून पेन : श्रीकांतास पत्र

सोलापूर,
वैशाख शुद्ध पंचमी

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे फुटके ठोकळे मिळाले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने पाडलेल्या माडाचे खोड तू दापोलीच्या पडवीत इतकी वर्षे कोरडे राखलेस. पण पेनासाठी कापलेले त्याचे ठोकळे लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, चढवताच भुगा होऊन गळतात, म्हणून माड हे कातण्याचे लाकूडच नव्हे, असा निष्कर्ष तू काढला आहेस. तो मला मान्य नाही. तू पाठवलेले तुकडे भिंगाखाली पाहिले, तेव्हा ते खोडाच्या गाभ्यातले आहेत हे लगेच कळले. त्या भागातून कुशल कातारीसुद्धा पेन काढू शकणार नाही.

सागवान किंवा शिसव यांची तुला सवय असल्यामुळे आतले लाकूड पक्के आणि सालीलगतचे कच्चे असे तू गृहीत धरलेस. माड, ताड, शिंदी या एकदल झाडांत नेमके उलटे असते. त्यांच्या खोडात दरवर्षी नवे वलय चढत नाही, कारण ते वलय तयार करणारा पेशींचा थरच त्यांच्यात नसतो. आमच्याकडच्या ज्वारीचे वाळलेले धाट आडवे मोडून पाहिलेस तर माडाचे सगळे शरीर समजेल : मधे मऊ भेंड, त्यात विखुरलेले चिवट दोरे, आणि कडेला तेच दोरे इतके दाटलेले की नखही रुतत नाही. माडाच्या बुंध्याकडच्या कडेच्या लाकडाची घनता दर घनमीटरला ६०० किलोच्या वर जाते, तर गाभ्याची ४०० च्या खाली राहते आणि शेंड्याकडे ती आणखी घसरते. म्हणजे एकाच खोडात दोन निराळी लाकडे असतात, आणि तू रुंद फळी मिळावी म्हणून नेमके नको ते निवडलेस.

तेव्हा बुंध्याकडचा खालचा भाग घे, साल काढ आणि कडेने दोन इंचांपर्यंतच्याच पट्ट्या पाड. आडव्या कापावर दोऱ्यांचे काळपट ठिपके जिथे एकमेकांना जवळजवळ टेकलेले दिसतील, तिथपर्यंत माल आपला. ठिपके विरळ झाले की थांबावे. माडाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे साधी करवत पाहता पाहता बोथट होते. कार्बाइडच्या दातांचे पाते लाव, आणि भुसा नाकात जाऊ नये म्हणून मास्क अवश्य घाल. या दोऱ्यांची कूस बोटात शिरली तर ती सागाच्या कुसेपेक्षा फार त्रास देते, हे तुला आता सांगायला नकोच.

ठोकळा कापताना एक निर्णय तुझा तुलाच घ्यावा लागेल. दोऱ्यांच्या दिशेने सरळ कापलास तर पेनावर लांब काळ्या रेघा येतात; सुमारे तीस अंशांनी तिरका कापलास तर प्रत्येक दोरा पृष्ठभागावर येऊन तुटतो आणि लांबट ठिपक्यांचे, पावसाच्या सरीसारखे चित्र उमटते. तिरका काप दिसायला कितीतरी सुंदर, पण दोऱ्यांची टोके उपटून निघण्याचा धोकाही त्यातच अधिक. मी स्वतः तिरक्याच्या बाजूचा आहे. सरळ रेघांचे पेन मला नेहमी अपुरे वाटते. शेजारच्या तेलुगू विणकर कुटुंबाच्या तेलंगणातल्या गावी जुने घर उतरवले, तेव्हा निघालेल्या ताडाच्या वाशांचे तुकडे त्यांनी मला आणून दिले. त्यांतले तिरके ठोकळे माडापेक्षा काळे आणि कणखर निघाले.

इथे शिंदीचे खोड मिळेल का, असे तू विचारले आहेस. ओढ्याकाठी शिंदी आहे, पण रस काढण्यासाठी खोडाला वर्षानुवर्षे आलटून पालटून खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे अखंड तुकडे आखूडच मिळतात. शिवाय सोलापुरात शिंदीवर कुऱ्हाड म्हटले की मे १९३० आठवतो. कायदेभंगाच्या चळवळीत लोक इथल्या रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेले, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यामुळे उभी शिंदी पाडून घेण्याची कल्पना मी मनात आणत नाही. आपोआप पडलेले खोड मिळाले तरच पाहीन.

आता छिद्राविषयी. ठोकळा पाऊण इंच चौरस ठेव आणि पेनाच्या आत बसणाऱ्या, रिफिल सामावणाऱ्या पितळी नळीपेक्षा दोन्ही टोकांना थोडा लांब कापून घे. सात मिलिमीटरचे ड्रिल बिट या लाकडात सरळ जात नाही. कठीण दोऱ्याला टेकले की मऊ भेंडाकडे सरकते. म्हणून ठोकळा लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरून, गती कमी ठेवून आणि बिट वारंवार बाहेर काढून भुसा झटकत छिद्र पाड. पलीकडच्या तोंडाशी बिट बाहेर पडताना लाकूड उडते, तेव्हा ते तोंड येण्याआधीच थांब आणि उरलेला शेवट करवतीने कापून टाक. छिद्राची आतली भिंत खडबडीत राहत असल्यामुळे नळी एपॉक्सीनेच बसव. तो गोंद पोकळ्या भरून काढतो. नळी आधी खरखरीत कागदावर घासून घ्यावी. टोके सपाट करण्यासाठी पात्याचा कटर लावलास तर तो दोरे उचकटतो. त्याऐवजी टोकांना पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, पाजून मग ती पॉलिश पेपरवर घासून नळीच्या कडेपर्यंत आण.

कातताना मुख्य अट धारेची. खरवडणारे हत्यार भेंड ओरबाडते आणि दोरे उभेच ठेवते; कापणारे हत्यार, म्हणजे गोल पटाशी किंवा तिरपी पटाशी, दोन्ही एकाच घावात कापते. गती जास्त ठेव, काप अगदी पातळ घे, आणि धार गेल्याची शंका येताच दगडाकडे वळ, लाकडावर जोर लावू नकोस. अंतिम मापाला एखादा मिलिमीटर उरला की लेथ थांबवून पातळ गोंद सबंध पृष्ठभागावर सोड. तो दोऱ्यांच्या कडेने आत शिरतो आणि भेंडाला आधार देतो. मग आणखी थोडे कातून तोच उपचार पुन्हा कर. खिडकी मात्र उघडी असू दे. त्या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते.

या गोंदाच्या बाबतीत तुझी हवा आणि माझी हवा अगदी विरुद्ध स्वभावाच्या आहेत. तो वाळतो तो हवेतल्या दमटपणामुळे. इथे वैशाखात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, हवेत ओल नावाला नसते, आणि गोंद लवकर पकडत नाही. तुझ्याकडे पावसाळ्यात तो इतक्या झपाट्याने पकडतो की वर पांढुरके सावट येते. म्हणून चकाकीचे थर देताना तू फार पातळ थर दे, आणि शक्यतो कोरडा दिवस पाहा. घासताना मऊ भेंड आधी झिजते आणि काळे दोरे उंच राहून बोटाला पन्हाळी लागतात, तेव्हा कागद बोटाने न दाबता सपाट लाकडी पट्टीवर धर. काळी धूळ फिक्या भेंडात बसून रंग मळवते. प्रत्येक कागदानंतर ती पुसून काढ. शेवटी १५०० पासून १२००० क्रमांकापर्यंतची मायक्रोमेश, म्हणजे झळाळी आणणारी अतिबारीक घासपट्टी, ओली वापरलीस की काचेसारखी झळाळी येईल. नुसते तेल लावण्याचा तुझा विचार सोडून दे; भेंड ते शोषून डागाळते आणि दोरे कोरडेच दिसतात.

एक विनंती. मला बुंध्याकडच्या कडेच्या चार-सहा पट्ट्या पाठव. त्या लगेच कातणार नाही, कारण कोकणच्या ओलीत मुरलेले लाकूड इथल्या उन्हाळ्यात आकसते, आणि आत पितळी नळी असताना त्याला आकसायला जागा उरली नाही तर ते उभे तडकते. म्हणून त्या टोकांना मेण लावून घरात सावलीत काही महिने ठेवीन आणि वजन घटायचे थांबले की मगच छिद्र पाडीन. प्रत्येक पट्टीच्या बुंध्याकडच्या टोकाला कोळशाने फुली कर आणि सालीची बाजूही दाखव, म्हणजे इथे ओळखायला अडचण पडणार नाही. एस.टी.च्या पार्सलने पाठवलेस तर मी स्थानकावरून घेऊन येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव